जुन्या मासिकातली लाल शाई

बेळगावात गणपत गल्लीच्या किंवा खडेबाजाराच्या आसपास एखाद्या जुन्या घराचा माळा रिकामा व्हायला लागला की रद्दीत सगळ्यांत आधी जातात ती बायकांची मासिकं. पोथ्या राहतात, वकिलीची जाड पुस्तकं राहतात, पंचांगंसुद्धा राहतात. मग काही वर्षांनी त्यातलंच एखादं मुखपृष्ठ कुणी कापून फ्रेम करतं आणि कॉफीच्या दुकानात भिंतीवर लावतं. चित्र वाचतं, पान मरतं. मला विचाराल तर जुन्या मासिकाची खरी गंमत पानात आहे, आणि ती कळायला आधी ते छापलं कसं जाई हे कळायला हवं.

१९४०-५०च्या दशकातला एखादा अंक घ्या आणि मजकूर न वाचता फक्त रंग बघत पानं उलटा. सगळं काळं. मध्येच एका जोडपानावर मथळा तांबडा, ब्लाऊजच्या गळ्यांच्या चित्रांमागं हिरवट पट्टा. पान उलटलं की रंग गायब, पुन्हा उलटलं की हजर. संपादकाच्या मनाला आलं तिथं रंग टाकला असं वाटतं. पण रंग कुठं पडणार हे कागदाच्या घडीनं ठरवलेलं असतं.

डबल क्राऊन कागद २० × ३० इंचांचा. तो तीनदा दुमडला की ७.५ × १० इंचांची ८ पानं, म्हणजे १६ पृष्ठं होतात. याला छापखान्यात फर्मा म्हणतात. फर्म्याच्या एका बाजूला १, ४, ५, ८, ९, १२, १३, १६ ही पृष्ठं पडतात, दुसऱ्या बाजूला २, ३, ६, ७, १०, ११, १४, १५. खोटं वाटत असेल तर वर्तमानपत्राचा एक ताव घ्या, प्रत्येक वेळी आधीच्या घडीला आडवी घडी घालत तीनदा दुमडा, कडा न कापता कोपऱ्यांत आकडे घाला आणि उलगडा. आता दुसरा रंग द्यायचा म्हणजे तोच कागद यंत्रातून आणखी एकदा काढायचा. दोन्ही बाजूंना रंग दिला तर दोन फेऱ्या, एका बाजूला दिला तर एकच. काटकसर करणारा छापखाना एकच बाजू निवडणार. ती पहिली बाजू असेल तर ४-५, ८-९, १२-१३ ही जोडपानं पूर्ण रंगीत मिळतात आणि २-३, ६-७, १०-११ कोरडी राहतात. म्हणून फॅशनचं सदर, पाककृतीचं सजवलेलं पान आणि पैसे जास्त मोजणारी जाहिरात हे सगळं या ठरावीक जागांवर गर्दी करतं. कथा आणि लेख उरलेल्या पानांवर.

त्यातही ८-९ हे जोडपान खास. फर्म्याच्या पोटातला तो सलग कागद. डाव्या पानावरून उजव्या पानावर जाणारं चित्र, म्हणजे पदर एका पानावर आणि निऱ्या दुसऱ्यावर, तिथंच नीट जुळतं. बाकी जोडपानांत दोन्ही पानं घडीवर अवलंबून. घडी एका बाजूला जराशी सरकली तरी साडीचा काठ मध्येच पायरी उतरल्यासारखा दिसतो. मधोमध पिना मारलेल्या आणि फर्मे एकात एक घातलेल्या अंकात मात्र हा हिशोब बदलतो. तिथं सलग कागद फक्त अंकाच्या अगदी मध्यावर मिळतो. बाजूनं पिना मारलेले अंक आणखी त्रासाचे. पिनांची पट्टी आतला समास खाते, आणि घडीजवळ काढलेलं काहीही शिवणीत गेल्यासारखं होतं. सराईत मांडणीकार त्या जागी रिकामा समास सोडतो, नवखा तिथं नेमका मोजमापाचा आकडा छापतो.

आता चित्रांकडं. या पानांवर फोटो कमी आणि रेखाचित्रं जास्त का, याचंही उत्तर हिशोबातच आहे. रेखाचित्राचा ब्लॉक, म्हणजे छापायचा ठसा, जस्ताचा. चित्रकार मूळ चित्र छापायच्या आकाराच्या दीडपट-दुप्पट काढी, कॅमेऱ्यानं ते लहान करून जस्ताच्या पत्र्यावर उतरवत, रेघा सोडून बाकीचा पत्रा नायट्रिक आम्लानं खाल्ला जाई, आणि तो लाकडावर ठोकून खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांच्या उंचीला, ०.९१८ इंचाला आणत. मग तो मजकुराच्या खिळ्यांबरोबर त्याच यंत्रावर, त्याच खरबरीत कागदावर छापता येई. फोटोचं तसं नाही. फोटोला जाळीचा, म्हणजे चित्र बारीक ठिपक्यांत फोडलेला ब्लॉक लागतो, आणि खरबरीत कागदावर इंचाला ६५-८५ ओळींच्या पलीकडची जाळी टिकत नाही. ठिपके एकमेकांत मिसळून चेहरा काळवंडतो. १२०-१५० ओळींचा बारीक ब्लॉक वापरायचा तर आर्ट पेपर हवा. म्हणून फोटोंची गुळगुळीत पानं वेगळी छापून मध्ये घातलेली दिसतात.

दुप्पट काढून निम्मं करताना रेघही निम्म्यानं बारीक होते आणि दोन रेघांमधली फटही. चांगला चित्रकार हे आधीच धरून चालतो. निऱ्यांच्या ५-६ रेघा, काठाच्या २, पदराच्या टोकाला थोडे गोंडे, बस. जो चित्रकार मूळ चित्रात २० निऱ्या काढतो, त्याच्या छापील पानावर शाई भरून कमरेखाली काळा गोळा होतो. जुन्या पानातली ती डौलदार मोजकी रेघ आपल्याला शैली वाटते. ती शैली आहेच, पण तिला आम्लानं आणि शाईनं शिस्त लावलेली आहे.

आणि मग रंगाचं काय? साडीच्या पानात रंग नसेल तर पान काय कामाचं? तो रंग मजकुरात असतो. चित्राखालच्या दोन ओळी वाचा: आमसुली अंगाला मोतिया काठ, अबोलीवर शेवाळी, गुलबक्षी, डाळिंबी, मोरपंखी, चिंतामणी. काळ्या रेघांच्या चित्रात वाचणारीनं हे रंग स्वतः भरायचे. हे शब्द आणि ती रेघ मिळून एक साडी होते. चित्र कापून घेतलंत की साडीचा रंग रद्दीत गेला.

पाश्चात्त्य मासिकांची नक्कल करून आपली मासिकं घडली असं सर्रास म्हटलं जातं. अर्धं खरं आहे. पॅरिसच्या ‘गाझेत द्यू बॉन तॉन’नं १९१२ ते १९२५ या काळात फॅशनची चित्रं पोश्वार पद्धतीनं, म्हणजे प्रत्येक रंगाला वेगळा कापलेला साचा ठेवून हातानं रंगवून दिली. ‘व्होग’च्या मुखपृष्ठावर पहिला रंगीत फोटो आला तो जुलै १९३२ मध्ये, एडवर्ड स्टायकेन यांचा. आणि ‘हार्पर्स बझार’मध्ये अलेक्सी ब्रोदोविच १९३४ ते १९५८ कलासंपादक होते, त्यांनी दोन पानं मिळून एकच पट मानला, फोटो कडेपर्यंत नेला, मजकुराचा स्तंभ मॉडेलच्या अंगलटीप्रमाणं वळवला आणि उरलेली जागा बिनधास्त पांढरी ठेवली. या सगळ्यामागं गुळगुळीत कागद, मोठा खप आणि मोठ्या जाहिराती होत्या. इकडं पांढरी जागा म्हणजे वाया गेलेला कागद.

शिवाय लिपी वेगळी. डिडो घराण्यातलं रोमन अक्षर, जाड दांडा आणि केसाएवढी बारीक आडवी रेघ, ही त्या मासिकांची ओळख. देवनागरीत तसा प्रयोग केला तर शिरोरेषा एकतर लोखंडी पट्टीसारखी दिसते नाहीतर तुटते. वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार. हाताने जुळवलेल्या मजकुरात या चिन्हांचे नाजूक भाग आधी झिजत, मोडत, आणि ‘कै’चा ‘के’ होई. आज कुणी जुन्या धर्तीचं पान संगणकावर जुळवत असेल तर एक मोजमाप लक्षात ठेवा: रोमन मजकूर १२ पॉइंटला १४-१५ पॉइंटच्या ओळीत सुखानं बसतो, देवनागरीला १८ द्या. जुन्या मराठी पानाला जो मोकळेपणा वाटतो तो बराचसा ओळींमधल्या या अंतराचा आहे. पांढरी जागा तिथंही आहे, फक्त ती पानाच्या एका कोपऱ्यात न साठता ओळीओळींत वाटली गेली आहे.

आपल्या भागाचा या मासिकांशी संबंध जरा जवळचाच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलींचं दुकान काढलं ते बेळगावात. किर्लोस्कर रोड आजही आहे. त्यांचा कारखाना १९१० मध्ये किर्लोस्करवाडीला गेला, तिथून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघालं आणि १९३० मध्ये ‘स्त्री’. संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार आणि व्यंगचित्रकार. संपादकाला रेघ कळत असेल तर पानावर ते दिसतं. या मासिकांत काही काळ ‘अिथे’, ‘अुद्या’ असं छापलेलं आढळेल. ती चूक समजू नका, ती सावरकरांच्या लिपिसुधारणेतली अ-ची बाराखडी आहे. मुखपृष्ठांच्या दुनियेतले दोन मोठे चित्रकार, दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर, दोघेही मूळचे गोव्याचे, म्हणजे आपल्या घाटाखालचे. मुळगावकरांची स्प्रेनं आणलेली मऊ कांती तर लांबूनही ओळखू येते. आणि धारवाडात जन्मलेल्या लीला चिटणीस १९४१ मध्ये लक्सच्या जाहिरातीत आल्या. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय नटी.

जाहिरातींवरून आठवलं. मुखपृष्ठ फाटलेल्या अंकाचा काळ ओळखायला आपल्या सीमाभागात एक फार सोयीची खूण आहे: दुकानदाराचा पत्ता. बेळगावच्या कापड दुकानाच्या जाहिरातीत ‘मुंबई राज्य’ असेल तर मजकूर १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीचा. ‘म्हैसूर राज्य’ असेल तर त्यानंतरचा आणि १ नोव्हेंबर १९७३ च्या आतला. ‘कर्नाटक’ असेल तर त्यापुढचा. सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. किंमत आण्यांत म्हणजे १ एप्रिल १९५७ पूर्वीची. ‘नये पैसे’ म्हणजे तिथून १९६४ पर्यंतची. सावधगिरी एकच. जाहिरातीचा ब्लॉक एकदा केला की तो झिजेपर्यंत वापरत, त्यामुळं जुना पत्ता नव्या अंकातही सापडतो. पत्त्यावरून ‘याच्या आधीचा नाही’ एवढं खात्रीनं सांगता येतं. ‘याच्या नंतरचा नाही’ हे अंकाच्या किमतीवरून ताडून बघावं लागतं.

शिवणकामाच्या पानांवरून आज खरंच ब्लाऊज बेतायचा असेल तर चित्र मोजू नका, आकडे वाचा. खाका पानात बसेल तसा लहान केलेला असतो, प्रमाण क्वचितच नेमकं. मोजमाप बहुधा एकाच छातीला, इंचांत. शिवणीची माया धरलेली आहे की नाही हे मजकुरात शोधा. काहीच लिहिलं नसेल तर धरलेली नाही असं समजून बाजूला १ इंच, गळ्याला पाव इंच सोडा. कापडाचा अंदाज जुन्या पन्ह्याचा असतो. त्या वेळी २७ किंवा ३६ इंच पन्हा सर्रास होता, आज ४४ इंची कापड मिळतं, म्हणून ‘दीड वार’ वाचून दीड मीटर आणलंत तर तुकडा उरणार. एक वार ३६ इंच, म्हणजे ०.९१ मीटर.

भरतकामाच्या नक्ष्यांमध्ये कसुती सगळ्यांत अवघड छापली जाते, आणि ती तर आपल्या दाराशीच. तिच्या चार टाक्यांपैकी गवंती आणि मुर्गी दोन्ही बाजूंनी सारखे, गाठ नाही; नेयगी विणीसारखा; मेंती फुलीचा. नक्षी चौकटीच्या कागदावर मोजून काढलेली. मूळ कागदावर इंचाला १० चौकटी असतील तर निम्म्यावर आल्यावर २० होतात, आणि खरबरीत कागदावर दोन चौकटींमधली रेघ शाईत बुडते. अशा वेळी गोपुराची डावी-उजवी बाजू मोजा. दोन्हीकडच्या चौकटी सारख्या भरल्या नाहीत तर दोष ब्लॉकचा. गवंतीत दोरा जातो त्याच वाटेनं परत येतो, त्यामुळं मध्येच तुटलेली रेघ दिसली तर तीही बहुधा छपाईत उडालेली; ती जोडून घ्या, नाहीतर मागच्या बाजूला दोऱ्याची उडी दिसेल. आणखी एक. पानावर नक्षी पांढऱ्यावर काळी असते, इरकली चंद्रकळेवर ती काळ्यावर रंगीत येते. पानात जड वाटणारी नक्षी साडीवर हलकी पडते. शंका असेल तर मोबाईलवर फोटो काढून रंग उलटे करून बघा.

आता जपणं. आपल्याकडच्या पावसाळ्यात, त्यातून खानापूरच्या बाजूला, कागद हवेतलं पाणी पितो. तीन गोष्टी बिघडतात: पिना गंजतात, आर्ट पेपरची पानं एकमेकांना चिकटतात, कसर लागते. चिकटून वाळलेली आर्ट पेपरची पानं ओढून सुटत नाहीत. त्या कागदावरचा मातीचा लेप ओलीनं विरघळतो आणि दोन पानं एक होतात. ओढलं की चेहराच निघून येतो. अंक भिजला तर वाळायच्या आत प्रत्येक आर्ट पेपरच्या पानामध्ये बेकिंग पेपर घाला. गंजलेली पिन चिमट्यानं उपटू नका. पिनेखाली कार्डाचा तुकडा सरकवा, मागचे पाय बोथट सुरीनं उभे करा, मग पुढून काढा आणि त्याच भोकांतून पांढऱ्या सुती दोऱ्यानं शिवा. कसर लागलेला कोरडा अंक पॉलिथिनमध्ये हवाबंद करून घरच्या फ्रीझरमध्ये उणे १८ अंशाला दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नका, नाहीतर दव कागदावर बसतं.

फाटलेलं पान सेलोटेपनं जोडणं हा गुन्हा आहे. टेप सुटते, डिंक कागदात राहतो आणि तपकिरी होतो. त्यासाठी गव्हाचा चीक. कुरडयांना करतो तसाच, पण मिठाशिवाय, आणि वरचं पाणी चार-पाच वेळा बदलून निवळलेला. वाळवलेला चीक १ चमचा, पाणी ५ चमचे. अर्धा तास भिजवून मंद आंचेवर ढवळत १५-२० मिनिटं, पारदर्शक होईपर्यंत. गार झाला की गाळणीतून दोनदा गाळून पातळ दह्यासारखा करा. फ्रिजमध्ये चार दिवस टिकतो, आंबूस वास आला की फेका. मैद्याची खळ नको. त्यातलं चिकट प्रथिन कडक होतं आणि किड्यांना आवडतं. पुस्तकबांधणीवाले खळीत मोरचूद घालतात तेही नको, तांबं कागद जाळतं. वर लावायला चौरस मीटरला ९-१२ ग्रॅम वजनाचा जपानी टिश्यू कागद, कात्रीनं न कापता ओल्या रेघेवर फाडलेला, म्हणजे कडेला तंतू सुटे राहतात. चीक अगदी थोडा, वर बेकिंग पेपर, टिपकागद आणि अर्धा किलोचं वजन, दोन तास. आर्ट पेपरवर चीक जाडच ठेवा, ओल कमी. छापील शाई तेलकट असते, ती सहसा हलत नाही. पण वाचकानं समासात दौतीच्या शाईनं काही लिहिलं असेल तर ती पसरते, म्हणून आधी कोपऱ्यात ओला कापूस टेकवून बघा.

स्कॅन करताना ६०० डीपीआय, रंगीत, टिफ. बहुतांश काळ्या पानालाही रंगीतच, कारण त्यातल्या तांबड्या शाईची छटा करड्यात कळत नाही. थेट ३०० वर स्कॅन केलं तर जाळीचे ठिपके आणि स्कॅनरच्या ओळी एकमेकींत अडकून फोटोवर लाटा उठतात. ६०० वर घ्या, १ ते १.५ पिक्सेल धूसर करा, मग निम्म्यावर आणा. शार्पनिंग बंद, आपोआप रंगसुधारणा बंद. पानामागं काळा कागद ठेवा, म्हणजे पाठीमागचा मजकूर उमटत नाही. बांधलेला खंड काचेवर दाबू नका, कणा तुटतो. वरून कॅमेऱ्यानं घ्या, दोन दिवे दोन बाजूंनी ४५ अंशांत.

काळ्या कागदानं आणखी एक गोष्ट दिसते. भरतकामाच्या पानांवर नक्षीच्या रेघेवरून सुईचे बारीक टोचे असतात. खाका उतरवायला कुणीतरी पानच टोचून घेतलं आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ त्यातून कापडावर पुसली. मागच्या बाजूला निळसर डागही मिळतो. विकणारे अशा पानाची किंमत कमी लावतात. मी जास्त लावेन. काळ्या कागदावर ते टोचे ठिपक्यांसारखे उमटतात. स्कॅनरमधली धूळ काढायची सोय बंद ठेवा, ती त्यांना धूळ समजून पुसून टाकते.